वर्तनशास्त्राची पदवी निवडताना: पदापासून प्रवेशापर्यंतचे आठ टप्पे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून ‘एचआरमध्ये (मनुष्यबळ व्यवस्थापनात) जायचे आहे’ असे सांगत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलामुलींची निवड एकाच ठिकाणी चुकलेली असते. पदवी आधी घेतलेली असते आणि ती कोणत्या पदासाठी चालते, हा प्रश्न त्यांना अर्ज भरण्याच्या दिवशी पडतो. तोवर दोन-तीन वर्षे आणि घरच्यांनी कापसा-केळीच्या पैशांतून भरलेली फी खर्च झालेली असते. हा क्रम उलटा केला, म्हणजे पदापासून मागे येत पदवीपर्यंत पोहोचले, तर यातील बहुतेक चुका टळतात. पुढील आठ टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत आणि मधला एखादा टप्पा वगळून पुढे जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एचआरचे काम वर्तनशास्त्रावर उभे आहे, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. माणूस एकटा असताना आणि गटात असताना कसा व का वागतो, याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या विषयांना एकत्रितपणे वर्तनशास्त्र म्हणतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे त्यातले मुख्य विषय असून समाजकार्य आणि व्यवस्थापनातील संघटनात्मक वर्तन ही त्यांची उपयोजित अंगे आहेत. त्यामुळे ‘वर्तनशास्त्र’ असेच नाव असलेली पदवी शोधत बसण्याची गरज नाही.

सुरुवातीची तयारी

एक दोनशे पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर दहावीपासूनचे गुण, शिक्षणाचे माध्यम, घरातून दरवर्षी किती रुपये उभे राहू शकतात याचा खरा आकडा आणि घर सोडून राहता येईल की नाही, एवढे लिहावे. पैशाचा आकडा आई-वडिलांसमोर बसून लिहावा, कारण मुले तो अंदाजाने लिहितात आणि अंदाज बहुधा जास्तीचा असतो. या सगळ्या कामाला साधारण महिनाभर लागतो. बारावीचा किंवा पदवीचा निकाल हातात पडल्यावर सुरुवात केली तर तो महिना मिळत नाही, म्हणून शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुटीतच वही उघडावी.

टप्पा १: क्षेत्राचे नाव न लिहिता पदाचे नाव लिहा

‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ हे क्षेत्र आहे, पद नव्हे. या क्षेत्रात चार प्रकारची कामे आहेत आणि प्रत्येकाला लागणारे शिक्षण वेगळे आहे.

पहिले काम कारखान्याच्या दारातले. जळगाव एमआयडीसीतले चटई आणि पाइपचे कारखाने, डाळमिल, शिरपूरकडचा कापड उद्योग अशा ठिकाणी टाइम ऑफिस (हजेरी आणि वेळेची नोंद ठेवणारे कार्यालय), हजेरीचे मस्टर, पगारपत्रक, पीएफ (भविष्यनिर्वाह निधी), ईएसआय (कामगार राज्य विमा), ठेकेदाराचे कामगार, शिस्तभंगाची चौकशी आणि युनियनशी बोलणी ही रोजची कामे असतात. येथे कामगार कायदा तोंडपाठ हवा आणि माणसाशी त्याच्या बोलीत बोलता आले पाहिजे. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला ‘काय अडचण शे भाऊ?’ असे विचारले की तो जे सांगतो, ते कार्यालयी मराठीत विचारल्यावर सांगत नाही. आहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरी येणाऱ्या उमेदवाराने ही गोष्ट कमीपणाची समजू नये, कारण ती त्याची पात्रताच आहे.

दुसरे काम कंपनीच्या कार्यालयातले आहे. त्यात भरती, प्रशिक्षण आणि कामगिरीचे मूल्यमापन येते आणि अशा जागा बहुतांशी नाशिक, पुणे आणि मुंबईकडे असतात. तिसरे काम निवड-चाचण्या तयार करणे, क्षमतांचे मापन करणे आणि संस्थेची रचना बदलताना सल्ला देणे हे आहे. त्याला संघटन विकास म्हणतात आणि त्यासाठी मानसशास्त्र व संख्याशास्त्र खोलवर यावे लागते. चौथा प्रकार म्हणजे सार्वजनिक बँका, सार्वजनिक उपक्रम आणि शासनाचा कामगार विभाग. येथील पात्रतेच्या अटी लेखी व काटेकोर असतात आणि त्यांत कोणाच्या ओळखीने किंवा चांगल्या मुलाखतीने सूट मिळत नाही. भुसावळची आयुधनिर्माणी किंवा दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र घराशेजारी असले, तरी तेथील अधिकारीपदाच्या अटी तालुक्यात ठरत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

> तपासणी: ‘मला अमुक प्रकारच्या संस्थेत, अमुक पदावर, अमुक काम करायचे आहे’ हे वाक्य वहीत पूर्ण लिहिता येते का? येत नसेल तर आठवडाभर थांबावे आणि त्या प्रकारचे काम करणाऱ्या किमान दोन माणसांना भेटावे. दुसरा टप्पा त्यानंतरच सुरू करावा.

टप्पा २: दहा जाहिराती घ्या आणि पात्रतेचे वाक्य उतरवून काढा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. निवडलेल्या पदाच्या गेल्या दोन-तीन वर्षांतील दहा मूळ जाहिराती मिळवाव्यात. वर्तमानपत्रातील बातमी किंवा मोबाइलवर फिरणारा सारांश चालत नाही, कारण नेमकी अट त्यातून गळलेली असते. प्रत्येक जाहिरातीतील शैक्षणिक पात्रतेचे वाक्य शब्दशः वहीत उतरवावे आणि चार गोष्टी लाल पेनाने अधोरेखित कराव्यात: पदवीचे नाव, विषय, कालावधी आणि ‘पूर्णवेळ’ हा शब्द.

धुळ्यातील एका मुलीची हकिकत सांगतो. मानसशास्त्रात बहिःस्थ एमए, गुण उत्तम, वाचन दांडगे. सार्वजनिक बँकेतील मनुष्यबळ अधिकारीपदाचा अर्ज भरायला ती बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेत बसली होती आणि मी शेजारी होतो. पदव्युत्तर विषयाच्या रकान्यावर क्लिक केल्यावर यादी उघडली, तिने ती वरपासून खालपर्यंत तीनदा पाहिली आणि तिचा विषय त्यात नव्हता. ‘इतर’ असा पर्यायही नव्हता. कॅफेवाल्याला वाटले, संगणक अडकला आहे.

संगणक अडकलेला नव्हता. आयबीपीएस या बँकांसाठी भरतीपरीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या विशेष अधिकारी भरतीत मनुष्यबळ अधिकाऱ्यासाठी पदवी आणि त्यावर पूर्णवेळ दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी किंवा पदविका मागितली जाते आणि तिचे विषय ठरलेले असतात: कार्मिक व्यवस्थापन, औद्योगिक संबंध, मनुष्यबळ व्यवस्थापन, मनुष्यबळ विकास, समाजकार्य किंवा कामगार कायदा. मानसशास्त्र या यादीत नाही. म्हणजे त्या मुलीची अडचण दुहेरी होती. विषयही बसत नव्हता आणि बहिःस्थ पदवी पूर्णवेळही नव्हती.

याच अटींत आणखी एक बारकावा आहे आणि तो एमबीए करणाऱ्यांना नडतो. दोन विशेषीकरणे असतील तर त्यांतील एक यादीतील हवे. मुख्य आणि दुय्यम अशी विभागणी असेल तर मुख्य विषय यादीतील हवा. आणि दोनहून अधिक विशेषीकरणे असतील तर उमेदवार अपात्र ठरतो. ‘मार्केटिंग मुख्य, एचआर दुय्यम’ अशी एमबीए घेऊन ठेवली तर एचआर शिकूनही हे दार बंद राहते.

सार्वजनिक उपक्रमांचे चित्र बरेचसे असेच आहे. काही उपक्रमांनी एचआर अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण धरले आहेत, परंतु त्यासाठी ५५ क्रमांकाचा विषय लागतो. कामगार कल्याण, कार्मिक व्यवस्थापन, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापन हे त्या एकाच क्रमांकाखाली येतात. मानसशास्त्राचा विषय क्रमांक वेगळा असल्याने त्या विषयातील नेट येथे उपयोगी पडत नाही. पदव्युत्तर परीक्षेत ६० टक्क्यांची अटही अनेक ठिकाणी असते.

कारखान्यातील कामगार कल्याण अधिकारी हे पद तर कायद्यानेच निर्माण झालेले आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ नुसार ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात असा अधिकारी नेमणे बंधनकारक होते; नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा २५० वर आणली आहे. महाराष्ट्राच्या नियमांत या पदासाठी पदवीबरोबरच मान्यताप्राप्त संस्थेची सामाजिक शास्त्रातील पदवी किंवा पदविका आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे ज्ञान मागितलेले आहे. म्हणून ‘माझा अभ्यासक्रम या पदासाठी मान्य संस्थांच्या यादीत आहे का?’ हा प्रश्न प्रवेशापूर्वीच संस्थेला लेखी विचारावा.

> सावधान: जाहिरातीत ‘समकक्ष’ हा शब्द दिसला की आपली पदवी त्यात बसेल, असे गृहीत धरू नये. समकक्षता भरती करणारी संस्था ठरवते. आपले महाविद्यालय ती ठरवू शकत नाही.

टप्पा ३: वाक्याला पदवी जुळवा

आता वहीतील लाल रेघांकडे पाहत पदव्यांची छाननी करावी.

मानसशास्त्राची बीए हा उत्तम पाया आहे. प्रेरणा, आकलन, व्यक्तिमत्त्व, गटाचे दडपण आणि मापन यांची जी समज येथे येते, ती व्यवस्थापनाच्या दोन वर्षांत इतक्या सावकाशीने मिळत नाही. परंतु केवळ या पदवीवर मिळणारी कामे बहुधा भरती-साहाय्यक किंवा समन्वयक या पातळीची असतात. पुढे एमए करायचे झाल्यास विशेषीकरण तपासावे. मुंबई विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात औद्योगिक मानसशास्त्र हे विशेषीकरण आहे आणि तिसऱ्या प्रकारच्या कामासाठी असेच शिक्षण हवे. अनेक जण मात्र विशेषीकरणाच्या रकान्यात ‘क्लिनिकल’ लिहून मोकळे होतात, कारण ते नाव ओळखीचे असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले वेगळे प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, ती केवळ एमएने मिळत नाही. आणि कंपनीत त्या विशेषीकरणाचा थेट उपयोगही होत नाही. अशाने दोन्ही वाटा अर्ध्यावर सुटतात.

समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, ही आपल्याकडे कमी लेखली जाते. संस्थेत मनुष्यबळ किंवा कार्मिक व्यवस्थापनाचे विशेषीकरण असेल तर ही पदवी बँकेच्या यादीत बसते, कल्याण अधिकाऱ्याच्या वाटेवर नेते आणि तिचे क्षेत्रकार्य विद्यार्थ्याला आठवड्यातले दिवस बाहेर काढते. कारखान्यातील कामासाठी मी ती एमबीएच्या बरोबरीने धरतो. विशेषीकरण ‘समुदाय विकास’ असेल तर मात्र चित्र बदलते, म्हणून पदवीच्या नावाबरोबर विशेषीकरणही पाहावे.

कामगार संबंधांकडे ओढा असेल तर मुंबईतील नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेचा कामगार अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम जरूर पाहावा. संस्था शासनाची आहे आणि अभ्यासक्रमाचा रोख सरळ कारखान्याच्या कामाकडे आहे. खानदेशातून तिचे नाव फार कमी मुलांच्या कानावर असते, याचे मला वाईट वाटते.

एमबीए (मनुष्यबळ) ही सर्वांत चालणारी पदवी आहे, आणि म्हणूनच दर्जाचा फरक तिच्यात सर्वांत मोठा आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात आणि तीनही जिल्ह्यांतील संलग्न संस्थांत ती उपलब्ध आहे. देशपातळीवर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा मनुष्यबळ व्यवस्थापन व कामगार संबंध हा अभ्यासक्रम आणि जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचा मनुष्यबळ व्यवस्थापन अभ्यासक्रम ही दोन नावे आधी घेतली जातात. एक्सएलआरआयसाठी झॅट ही परीक्षा द्यावी लागते, तर टाटा संस्थेची प्रवेशपद्धती अलीकडे बदलली असल्याने त्या वर्षीचीच माहितीपुस्तिका पाहावी आणि मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचे ऐकून तयारी करू नये.

समाजशास्त्राची पदवी एकटी पुरत नाही, पण उपविषय म्हणून मोलाची आहे.

माझे मत विचाराल तर बारावीनंतर निवड करणाऱ्याने मानसशास्त्र मुख्य आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र यांपैकी एक उपविषय घेऊन पदवी करावी आणि त्यानंतर पूर्णवेळ दोन वर्षांची एचआरची एमबीए, एमएसडब्ल्यू किंवा कामगार अभ्यासाची पदवी घ्यावी. पहिल्या पदवीने माणूस वाचता येतो आणि दुसरीने जाहिरातीची अट पूर्ण होते. ज्यांची बीकॉम किंवा बीएस्सी झाली आहे, त्यांनी मागे वळून पुन्हा बीए करू नये. त्यांना सरळ दुसऱ्या पायरीवर जाता येते.

> सावधान: नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी घेता येते. जाहिरातीत ‘दोन वर्षे पूर्णवेळ’ असे शब्द असतील तर ती एक वर्षाची पदवी चालेल का, हे भरती करणाऱ्या संस्थेकडून लेखी समजल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

टप्पा ४: अभ्यासक्रमपत्रिका हातात घेऊन वाचा

एकाच नावाच्या दोन पदव्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि तो माहितीपत्रकातील रंगीत छायाचित्रांत दिसत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून प्रत्येक सत्राची अभ्यासक्रमपत्रिका उतरवून घ्यावी, छापावी आणि पुढील विषयांसमोर खूण करावी: संघटनात्मक वर्तन; संख्याशास्त्र व संशोधनपद्धती; मानसशास्त्रीय चाचण्या व त्यांची विश्वसनीयता आणि सप्रमाणता; कामाचे विश्लेषण; भरती व निवड; प्रशिक्षण; कामगार कायदे. यांपैकी संख्याशास्त्र आणि कामगार कायदे हे दोन विषय नसतील तर तो अभ्यासक्रम माझ्या मते बाजूला ठेवावा.

संख्याशास्त्राची भीती कला शाखेतील मुलांना फार असते, म्हणून एक उदाहरण येथेच सोडवून दाखवतो. एका विभागात ८० कामगार आहेत आणि महिन्याचे कामाचे दिवस २६ आहेत, म्हणजे एकूण मनुष्यदिवस २,०८० झाले. त्या महिन्यात १५६ मनुष्यदिवस गैरहजेरीत गेले. १५६ ला २,०८० ने भागून १०० ने गुणले की गैरहजेरी साडेसात टक्के येते. एवढे गणित सातवीचा मुलगाही करतो. वर्तनशास्त्र शिकलेल्या माणसाचे काम यापुढे सुरू होते: हे १५६ दिवस कोणाचे, कोणत्या वारी, कोणत्या शिफ्टला आणि कोणत्या सुपरवायझरच्या हाताखाली? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात लेकी माहेरी येतात, तेव्हाची गैरहजेरी वेगळी. कापूस वेचणीच्या दिवसांतली वेगळी. आणि एकाच सुपरवायझरच्या शिफ्टला दर सोमवारी होणारी पूर्णतः वेगळी. पहिल्या दोन्हींवर उपाय रजेच्या आगाऊ नियोजनाचा आहे, तिसऱ्यावर उपाय त्या सुपरवायझरशी शांतपणे बोलण्याचा आहे. तिन्हींना ‘कामगार आळशी झाले’ असे एकच कारण चिकटवणारा अधिकारी मस्टर वाचायला शिकलेला नाही. अभ्यासक्रम हे शिकवतो की केवळ व्याख्या लिहून घेतो, हे जुन्या प्रश्नपत्रिका पाहिल्या की कळते. ‘टिपा लिहा’ एवढेच प्रश्न वर्षानुवर्षे दिसत असतील तर सावध व्हावे.

कायद्याच्या विषयात आणखी एक तपासणी आवश्यक आहे. जुन्या कामगार अधिनियमांच्या जागी आलेल्या चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. अभ्यासक्रमात अजून फक्त जुने अधिनियम असतील तर प्राध्यापक संहिता शिकवतात का, हे विचारावे. जुने अधिनियम शिकण्यात तोटा नाही, कारण चालू असलेले अनेक दावे त्यांखालचेच आहेत. पण मुलाखतीत प्रश्न संहितेवर येईल.

शेवटी प्रत्यक्ष कामाचे तास मोजावेत. राज्यातील नव्या श्रेयांक (क्रेडिट) रचनेत ‘कार्यांतर्गत प्रशिक्षण’ हा घटक आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने चार श्रेयांकांचे १२० तास होतात.

> तपासणी: हे १२० तास गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी कोठे भरले, याची यादी मागावी. यादी मिळाली नाही, किंवा सगळे विद्यार्थी ‘महाविद्यालयाच्या कार्यालयातच’ बसल्याचे कळले, तर त्या तासांचा उपयोग शून्य समजावा.

टप्पा ५: मान्यता आणि शिक्षणाची पद्धत तपासा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव पाहावे; बनावट विद्यापीठांची यादीही तेथेच असते. संलग्न संस्थेतील एमबीएसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची त्या चालू वर्षाची मान्यता पाहावी. गेल्या वर्षीचे पत्र भिंतीवर लावलेले असते, तेवढ्यावर विश्वास ठेवू नये.

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्र करण्याची आपल्याकडे मोठी प्रथा होती. ती वाट आता बंद झाली आहे. आरोग्यसेवा व संलग्न विषयांत मोडणारे अभ्यासक्रम, ज्यांत मानसशास्त्र येते, ते जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास आयोगाने मनाई केली आहे. तरीही एखादा दलाल ‘घरबसल्या एमए मानसशास्त्र’ देतो म्हणत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नये. दूरशिक्षणाने एमबीए मिळते, परंतु ‘पूर्णवेळ’ हा लाल रेघ मारलेला शब्द पुन्हा एकदा पाहावा. खासगी कंपनीत आधीच नोकरीला असलेल्या माणसाला बढतीसाठी ती चालू शकते. बँकेच्या वरील पदासाठी ती चालत नाही.

टप्पा ६: प्रवेशपरीक्षा, कागदपत्रे आणि पैसे

राज्यातील एमबीएच्या प्रवेशासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाची परीक्षा असते. किमान पात्रता पदवीला ५० टक्के, तर राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के आहे. परीक्षेत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे अशी रचना राहिलेली आहे आणि माध्यम इंग्रजी असते. मराठी माध्यमातील मुले येथे तर्काच्या प्रश्नांत मागे पडत नाहीत. वाचनाच्या वेगात पडतात. म्हणून सहा महिने आधीपासून रोज अर्धा तास इंग्रजी उतारे घड्याळ लावून वाचावेत.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ जात-वैधता प्रमाणपत्राला लागतो, आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना तर पूर्वजांचे पुरावे गोळा करायला महिने लागतात. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल भागातील पालकांनी मुलगा बारावीत असतानाच अर्ज करावा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश आहे ते वर्ष संपणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. प्रमाणपत्र हातात आहे, पण तारीख संपलेली आहे, या एका कारणाने जागा खुल्या वर्गात गेल्याचे मी पाहिले आहे.

पैशांबाबत दोनच गोष्टी सांगतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागेला किंवा खासगी व खासगी अभिमत विद्यापीठाला ही सवलत लागू नाही, त्यामुळे ‘फेरीची वाट कशाला पाहता, आजच जागा पक्की करा’ असे कोणी म्हटले तर त्या घाईची किंमत संपूर्ण शुल्काइतकी असू शकते. आणि परगावी राहण्याच्या खर्चासाठी स्वाधार, स्वयम आणि ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना प्रवर्गानुसार आहेत. त्यांचे अर्ज प्रवेश झाल्याबरोबर भरावेत.

टप्पा ७: संस्थेला स्वतः भेट द्या

यादीत उरलेल्या दोन-तीन संस्थांत सत्र चालू असताना, कामाच्या दिवशी जावे. प्रवेशकक्षात बसून माहिती ऐकण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या वर्गाबाहेर थांबावे आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत: एचआर विशेषीकरणाचा वर्ग प्रत्यक्ष भरतो का, की तीनच विद्यार्थी असल्याने तो दुसऱ्या वर्गात मिसळला आहे? कायदा कोण शिकवते? मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतील चाचण्या हाताळायला मिळतात का? आणि गेल्या वर्षीची मुले कोणत्या पदावर लागली? शेवटच्या प्रश्नाला कंपनीचे नाव मिळाले तर पदाचे नावही विचारावे, कारण ‘एचआर’ म्हणून नेऊन विक्रीचे लक्ष्य देणाऱ्या नेमणुका कमी नाहीत.

टप्पा ८: प्रवेशानंतरचे पहिले वर्ष

उपविषय आणि विशेषीकरण निवडण्याचे अर्ज ठरावीक मुदतीत भरायचे असतात आणि मुदत उलटली की उरलेल्या जागेवर समाधान मानावे लागते, म्हणून दुसऱ्या टप्प्यातील वही वर्गात बरोबर ठेवावी. एमबीएमध्ये मुख्य विशेषीकरणाच्या रकान्यात मनुष्यबळच लिहिले आहे आणि गुणपत्रिकेवरही तसेच छापून आले आहे, हे प्रत्येक सत्रात पाहावे. छपाईतील चूक दोन वर्षांनी दुरुस्त करून घ्यायला विद्यापीठात किती खेटे पडतात, हे त्यातून गेलेल्यालाच ठाऊक असते.

प्रशिक्षणाची जागा शोधण्यासाठी महाविद्यालयाच्या पत्राची वाट पाहू नये. जवळच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात सकाळच्या शिफ्टआधी अर्धा तास जाऊन टाइमकीपरला भेटावे, कारण व्यवस्थापकापर्यंतची वाट त्याच्या टेबलावरून जाते. ‘मला मस्टर आणि रजेचे अर्ज यांवर काम करू द्या, महिनाअखेरीस गैरहजेरीचा तक्ता करून देतो’ असे नेमके काम मागावे. ‘काहीही शिकायला आवडेल’ असे म्हणणाऱ्याला झेरॉक्स काढायला बसवतात. कामगारांची नावे, पगार आणि आजार यांची माहिती बाहेर कोणाला सांगू नये आणि अहवालातही नावे लिहू नयेत.

शेवटच्या दिवशी निघण्यापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर सुरुवातीची व अखेरची तारीख, एकूण तास, विभागाचे नाव, प्रत्यक्ष केलेले काम, सही करणाऱ्याचे पद आणि कंपनीचा शिक्का असावा. ‘नंतर पाठवतो’ या शब्दांवर परतू नये. मजकूर स्वतः लिहून, दोन प्रती छापून न्याव्यात आणि सही होईपर्यंत टाइम ऑफिसच्या बाकावर बसून राहावे.